इतिहासाभ्यासक व दफ्तरी फारसी
पारोळ्याचा किल्ला 1727 मध्ये बांधला गेला, असे मानले जाते. त्या काळच्या मराठी कागदांवरील सन मात्र बहुधा दफ्तरी फारसीबरोबर रुळलेल्या अरबी संख्यावाचकांत आढळतो. 'समान अशरीन मया व अलफ' म्हणजे आठ, वीस, शंभर व हजार. अर्थात शुहूर सन 1128. त्यात 599 मिळविले असता 1727 च्या मृगारंभी सुरू होणारे वर्ष निघते. हे न जाणणाऱ्यास मोडी वाचता आली तरी कागदाचा काळ ठरविता येत नाही.

खानदेशात 1601 पर्यंत फारुकींचा व पुढे मोगलांचा अंमल असल्याने परगणा, सनद, जमाबंदी या संज्ञा मराठीत स्थिरावल्या. सबब इतिहासाच्या विद्यार्थ्यास आरंभी फारसी काव्यापेक्षा संख्या, सन व दफ्तरी परिभाषा यांचेच शिक्षण द्यावे. मूळ फरमान वाचावयाचे झाल्यास मात्र लिपी व व्याकरण यांना पर्याय नाही.