आपल्या गावचा दगड

स्मरणिका समितीने मला सांगितलं, "तुम्ही रिटायर झाल्यापासून एकटे फिरत असता, तेव्हा एखादं प्रवासवर्णन द्या." काश्मीर-केरळचं काहीतरी येईल अशी त्यांची अपेक्षा असणार. पण मला लिहायचं आहे ते आपल्या गेटपासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर असलेल्या जागेविषयी. तिथून सुरुवात करून मी मुंबई, वसई, नाशिक असा थोडा थोडा फिरलो. टूर कंपनी नाही, गाइड नाही; लोकलचा पास, एस.टी., डबा आणि पाण्याची बाटली.

सुरुवात शरमेतून झाली. पाच-सहा वर्षांपूर्वी नालासोपारा स्टेशनबाहेर पश्चिमेला भाजी घेत होतो. पाठीवर सॅक लावलेला एक परदेशी पाहुणा जवळ आला. त्याने विचारलं, "बुद्ध स्तूप?" मी मान हलवून "माहीत नाही" म्हटलं. भाजीवाल्या मावशींनी मात्र हाताने दिशा दाखवली, रिक्षावाल्याला हाक मारली आणि त्याला बसवून दिलं. घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, इतकी वर्षं इथे काढली आपण. लांबून माणूस येतो आणि आपल्याला पत्ता नाही?"

खरंच होतं ते. आपण बहुतेक सगळे इथे बाहेरून आलो. कोणी गिरगावातून, कोणी लालबाग-परळमधून, कोणी कोकणातून, कोणी उत्तरेतून. मुंबईत जागा परवडेना म्हणून आलो. सुरुवातीची वर्षं पाण्याच्या टँकरमागे आणि गर्दीच्या गाडीत गेली. "कुठे राहता?" असं कोणी विचारलं की आपण जरा हळू आवाजात "नालासोपारा" म्हणायचो. गावाची ओळख आपल्यासाठी टाइमटेबलमधलं एक स्टेशन एवढीच होती.

पुढच्या रविवारी मी त्या जागेवर गेलो. सोपारा गावात, मर्देस भागात, झाडांमध्ये विटांचा एक गोल उंचवटा आहे. जुनी माणसं त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणतात. सोपाऱ्याचं संस्कृत नाव शूर्पारक. शूर्प म्हणजे सूप आणि सुपं विणणारा तो बुरूड. लोकांनी स्तूप विसरला, पण टेकाडाला राजा मात्र दिला, याची मला गंमत वाटली.

हा कोट म्हणजे स्तूप आहे हे सिद्ध केलं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी, १८८२ साली. त्या काळात जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर तयार होत होतं आणि सोपाऱ्याची पाहणी त्याच काळातली. भगवानलाल जुनागढचे. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे लेख कोरलेला प्रचंड खडक आहे, तो त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७च्या सुमारास ब्राह्मी लिपी उलगडली होती. तिचा तक्ता हाती आल्यावर या मुलाने गिरनारचा लेख स्वतः वाचायचा प्रयत्न केला. पुढे मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासाठी भगवानलाल देशभर शिलालेखांचे ठसे घेत फिरले.

सोपाऱ्याचा स्तूप मधोमध खणल्यावर विटांच्या एका चौकोनी खोलीत मोठी दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती बुद्धाच्या आठ बैठ्या मूर्ती. सात आधीचे बुद्ध आणि आठवा पुढे येणारा मैत्रेय. करंडक उघडला तर आत चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय असावं? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे आणि सोन्याची फुलं. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते श्रद्धेने जपून ठेवलेले होते. यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणंही सापडलं. मूर्ती मात्र स्तूपाच्या खूप नंतरच्या, साधारण आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे तेव्हा कोणीतरी ती पेटी उघडून, पूजा करून पुन्हा बंद केली असणार. एवढी शतकं लोक या जागेची आठवण ठेवून होते.

त्या वस्तू आज सोपाऱ्यात नाहीत, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. हॉर्निमन सर्कलजवळ टाउन हॉलच्या पांढऱ्या पायऱ्या सगळ्यांनी सिनेमात पाहिल्या आहेत, ती ही इमारत. मी आधी चौकशी न करताच गेलो, त्यामुळे त्या दिवशी काही पाहायला मिळालं नाही. चूक माझी. स्वतःच्या जबाबदारीवर फिरणाऱ्याने पहिला धडा हाच घ्यावा: आधी विचारावं, मग निघावं.

तिथून चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. काळाघोड्याजवळचं हे संग्रहालय १९२२ साली लोकांसाठी खुलं झालं. तिथे एक काळसर ओबडधोबड दगड आहे. शेजारी सुंदर मूर्ती असल्यामुळे लोक त्याच्याकडे न बघता पुढे जातात. मी पाटी वाचली आणि तिथेच थांबलो. सोपारा! अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा, इसवी सनापूर्वी तिसरं शतक. हा १९५६ साली आपल्या भुईगावला मिळाला. त्याआधी १८८२ मध्ये भगवानलालांना सोपाऱ्यातच आठव्या लेखाचा तुकडा मिळाला होता. दोन्ही अपुरे आहेत. पण हेच लेख गिरनार, कालसी वगैरे ठिकाणी पूर्ण मिळालेले असल्यामुळे त्यांचा अर्थ नीट लागतो.

घरी येऊन मी तो अर्थ वाचला. नवव्या लेखात राजा म्हणतो की आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल झाल्यावर आणि प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात. करावेत, पण त्यांचं फळ थोडं. खरं मंगल म्हणजे नोकर-चाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, प्राणिमात्रांना त्रास न देणं आणि श्रमण-ब्राह्मणांना दान देणं. हे वाचून मला आपले वॉचमन आणि जिने झाडायला येणारी बाई आठवली. आपण भूमिपूजनाला नारळ फोडला, दरवर्षी सत्यनारायण घालतो, आणि वॉचमनच्या पगारवाढीवर मीटिंगमध्ये दोन तास भांडतो. त्या भांडणात माझाही आवाज असतो, हे इथे कबूल करतो.

आठवा लेख तर थेट प्रवासाबद्दलच आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रा करीत, म्हणजे शिकार आणि मौजमजा. अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याची धम्मयात्रा सुरू झाली. तिच्यात तो श्रमण-ब्राह्मणांना भेटे, वृद्धांना भेटून त्यांना मदत करी आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून त्यांच्याशी धर्माची बोलणी, विचारपूस करी. यातच आपल्याला जास्त आनंद मिळतो, असं तो सांगतो.

आपण प्रवासाला जातो म्हणजे काय करतो? हॉटेल, पॉइंट, फोटो, शॉपिंग. आणि इथे आपल्याच गावात सव्वादोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कोणीतरी दगडावर कोरून ठेवलं होतं की प्रवास म्हणजे माणसांना भेटणं आणि विचारणं. सोपारा तेव्हा मोठं बंदर होतं, ग्रीक लेखकांनाही त्याचं नाव ठाऊक होतं. बौद्ध कथांमधला पूर्ण नावाचा व्यापारी इथलाच. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गावात हा लेख लावला होता, हे मला फार योग्य वाटतं.

मग मी त्या पद्धतीने फिरू लागलो. पाहायचं कमी, विचारायचं जास्त.

वसईच्या किल्ल्यात आपण सगळे सहलीला गेलो आहोत. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली आणि १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती घेतली. दोनशेहून जास्त वर्षांची ही राजवट. या वेळी मी सावकाश फिरलो. सेंट अँथनीच्या पडक्या चर्चमध्ये फरशीवर थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर घराण्यांची चिन्हं आणि पोर्तुगीज अक्षरं. छप्पर केव्हाच गेलंय, त्यामुळे त्यांच्यावर पाऊस पडतो. दर्या दरवाजातून बाहेर पडलं की किल्लाबंदरचा कोळीवाडा. तिथे जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांना मी विचारलं, "एवढी चर्चेस होती, तर घंटा कुठे गेल्या?" काका म्हणाले, "घंटा देवाकडेच गेल्या, देऊळ बदललं फक्त."

त्या शोधात मी एस.टी.ने नाशिकला गेलो. पंचवटीत गोदावरीकाठी नारोशंकराचं मंदिर आहे, १७४७ सालचं. दर्शनी तटावर टांगलेली मोठी घंटा 'नारोशंकराची घंटा' म्हणून सगळ्या नाशिकला माहीत आहे. तिच्यावर साल आहे १७२१, आणि ती वसईची. विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी वसईच्या घंटा नेल्या आणि देवळांना अर्पण केल्या. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. शंकराच्या देवळासमोर शेकडो वर्षं ती वाजते आहे आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. नाशिकला घंटेखाली उभा असताना शेजारच्या फुलवाल्याने विचारलं, "कुठले तुम्ही?" मी म्हटलं, "घंटेच्या गावचा." नालासोपारा हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं.

घराजवळही खूप आहे. चक्रेश्वर तलावाकाठच्या देवळात ब्रह्मदेवाची भलीमोठी उभी पाषाणमूर्ती आहे. ब्रह्मदेवाची मूर्ती किती ठिकाणी दिसते, आठवून बघा. निर्मळला शंकराचार्यांचं समाधिमंदिर आहे आणि कार्तिकात तिथे मोठी यात्रा भरते. वाड्यांमधून अजून कादोडी बोली कानावर पडते. सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती, धर्म वेगळे पण बोली एक. तिथल्या एका आजींनी मला सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, खायला दिली आणि म्हणाल्या, "बिल्डिंगमधला माणूस वाडीत आला, बरं वाटलं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण मला ते लागलं. आपल्या इमारती ज्या जमिनीवर उभ्या आहेत तिथे आधी कोणाची तरी वाडी होती. पंचवीस वर्षांत आपण त्यांच्याकडे एकदाही विचारपूस केली नव्हती.

आता एक गोष्ट सांगतो, जुन्या सभासदांना आठवेल. आपली जमिनीखालची पाण्याची टाकी खणली तेव्हा चार-पाच मोठे घडीव दगड निघाले होते. पोरं त्यांच्यावर बसून क्रिकेटचा स्कोअर लिहायची. पुढे कंपाउंडची भिंत बांधताना ते पायाच्या भरावात गेले. तेव्हा मी कमिटीत होतो. ते कशाचे होते ते मला सांगता येत नाही, बहुधा साधेच असतील. पण कोणीच त्यांच्याकडे वळून बघितलं नाही, कारण इथे काही असू शकतं असं आपल्याला वाटतच नव्हतं. भगवानलालांनी आणि आपण पाहिली ती जमीन एकच होती. त्यांनी थांबून बघितलं, आपण भराव घातला.

रौप्यमहोत्सवानिमित्त कार्यक्रम पुष्कळ होतील. माझी एकच विनंती आहे. मुलांना घेऊन एका रविवारी कोटावर जा, नंतर सुट्टीत मुंबईच्या संग्रहालयात जाऊन तो काळा दगड दाखवा. बस करू नका. लोकलने, रिक्षाने, चालत जा, आणि वाटेत भेटेल त्याला विचारा. पुन्हा कधी खोदकाम निघालं तर निघालेल्या मातीकडे एकदा तरी नजर टाका आणि काही वेगळं दिसलं तर पुरातत्त्व खात्याला कळवा.

भाजीवाल्या मावशी अजून स्टेशनबाहेर त्याच जागी बसतात. मागच्या महिन्यात एका जोडप्याने त्यांना स्तूप विचारला. मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "ह्या काकांना विचारा, ते घेऊन जातील." मी पिशवी त्यांच्याकडे ठेवली आणि गेलो.