वारली चित्रकलेचे जतन आणि डिजिटल माध्यम : एक ऐतिहासिक विचार

वारली ही उत्तर कोकणातील एक प्रमुख आदिवासी जमात होय. पूर्वीच्या ठाणे आणि 2014 साली निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या तालुक्यांत तिची मोठी वस्ती आहे. शेणामातीने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली तिची चित्रे आज सर्वदूर परिचित आहेत. मात्र या कलेत जतन करावयाचे ते नेमके काय, हा प्रश्न डिजिटल माध्यमाने नव्याने उभा केला आहे.

मूळ परंपरेत हे चित्र विक्रीची वस्तू नव्हते. लग्नप्रसंगी सुवासिनी भिंतीवर चौक लिहीत, धवलेरी गाणी म्हणून लग्न लावीत असे आणि देवचौकाच्या मध्यभागी पालघट देवी असे. सोहळा सरल्यावर चित्र राखण्याची गरज उरत नसे. ते पुसट होई आणि पुढील लग्नात पुन्हा नवे लिहिले जाई. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते चित्र नव्हे, तर ते काढणाऱ्या हाताचे वळण आणि त्यासोबतचे गाणे.

1970 च्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही कला भिंतीवरून कागदावर आली. गंजाड येथील जिव्या सोमा मशे (1934-2018) यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. या स्थित्यंतराने अनेक कुटुंबांना उपजीविका दिली, हे नाकारता येणार नाही. परंतु स्त्रियांच्या हातची ही कला बाजारात प्रामुख्याने पुरुष कलावंतांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. कागदामुळे चित्र प्रसंगापासून सुटले. संगणकाच्या पडद्यामुळे ते चित्रकारापासूनही सुटले. तारपानृत्याचे वर्तुळ आज कोणीही उतरवून घेतो आणि कापडावर, कपांवर छापतो. अशा प्रसाराला जतन म्हणणे धाडसाचे ठरेल.

2014 साली वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशांक मिळाला. या कायद्याने नावाला संरक्षण मिळते, पण एखाद्या आकृतीच्या नकलेला तेवढ्याने आळा बसत नाही. येथे डिजिटल नोंदीचा खरा उपयोग आहे. चित्र कोणी काढले, कोणत्या पाड्यावर, कोणत्या प्रसंगी, कोणत्या साली, याची कलावंताच्या संमतीने केलेली नोंद मालकीच्या वादात पुरावा ठरू शकते. नुसत्या छायाचित्रांचा संग्रह, तो कितीही मोठा असला तरी, हे काम करीत नाही.

याहून निकडीचे काम ध्वनिमुद्रणाचे आहे. वारली बोलीला स्वतःची लिपी नाही. धवलेरीची गाणी मुखपरंपरेनेच चालत आली. चौकातील चित्रे पुस्तकांतून व संग्रहालयांतून पुष्कळ सापडतात. त्या चौकापुढे म्हटली जाणारी गाणी मात्र वृद्ध धवलेरींच्या स्मरणात आहेत, आणि ती टिपण्यास साधा भ्रमणध्वनी पुरेसा आहे.