एक रंग, एक दगड

नगरहून पाथर्डीकडे जातांना वाटेंत तिसगांव लागतें. अशा गांवांतल्या जुन्या देवघरांत लक्ष्मीची रंगीत तसबीर असावी, ओलीनें तिचा कागद पिवळा पडावा आणि घरच्या मंडळींनीं ती दुरुस्तीसाठीं फोटोवाल्याकडे द्यावी, ही आज साधी गोष्ट आहे. तो तसबीर संगणकाच्या पडद्यावर घेतो, लुगड्याच्या लाल रंगावर एकदां क्लिक करतो, आणि तेवढेंच लुगडें तुटक, चालत्या रेषेनें वेढलें जातें. फोटोशॉप १९९० सालीं विक्रीस आलें तेव्हांपासून हें साधन त्यांत आहे. त्यास जादूची कांडी म्हणतात. पण सारख्या रंगाचे भाग निवडून काढण्याची विद्या पुष्कळ जुनी आहे, आणि ती तसबीर त्याच विद्येनें घडलेली आहे.

पुण्याची चित्रशाळा १८७८ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं काढली. रंगीत चित्रें तेथें छापलीं जात. १८९४ सालीं राजा रविवर्म्यांनीं मुंबईंत शिळाछापखाना घातला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हातीं आला.

तेथील कामाची रीत ऐकण्यासारखी आहे. प्रत्येक रंगास स्वतंत्र दगड लागे. मूळ तैलचित्राच्या बाह्यरेषा सर्व दगडांवर उतरवून घेत; मग कारागीर लाल रंगाचा दगड पुढें ओढी आणि चित्रांत जेथें जेथें लाल आहे तेथें तेथें तेलकट शाईनें भरी. लुगडें, कुंकू, कमळाच्या पाकळीचें टोंक, तळहाताची लाली, सारें त्याच दगडावर. शाई मात्र काळी, आणि चित्र उलटें! डोळ्यांपुढें काळें असतां मनांत लाल धरावयाचा. दहा रंग म्हणजे दहा दगड, आणि प्रत्येक कागद दहा वेळां दाबाखालून जावयाचा. खुणा केंसभर चुकल्या कीं देवीचे ओठ गालावर येत.

तैलचित्रांतील छटांना गणती नसते, दगड मोजके. म्हणून कोणत्या दोन छटा एक मानावयाच्या याचा निवाडा कारागिरास करावा लागे. घरोघरच्या लक्ष्मीची कांति त्या निवाड्यानें ठरली. चित्राखालीं नांव मात्र रविवर्म्यांचें येई.

पुढें हें काम कॅमेऱ्याकडे गेलें. या छापखान्यासाठीं कांहीं काळ काम केलेले दादासाहेब फाळके १९०९ सालीं तिरंगी छपाईचें यंत्र आणण्यास जर्मनीस गेले. त्या पद्धतींत रंगीत कांचांतून फोटो घेऊन रंग वेगळे करीत. कांडीच्या ठायीं नुसता आंकडा उरला. शून्यापासून दोनशें पंचावन्नपर्यंत सवलतीचा आंकडा द्यावयाचा. लहान दिला तर लुगड्याच्या सावलींतल्या चुण्या सुटतात, मोठा दिला तर हातहि लुगड्यांत जातो. 'लगतचेंच' ही अट काढली तर कपाळावरचें कुंकूहि निवडीत येतें.

दगडावरचा माणूस कुंकू ओळखीत होता; कांडीला तें ओळखतां येत नाहीं. पिवळा पडलेला कागद आणि देवीच्या गळ्यांतलें सोनें तिला एकच. कागद पांढरा करावयास जावें तों पाटल्या आणि मुकुट फिके होतात, आणि गिऱ्हाइकास तें घरीं गेल्यावर कळतें. म्हणून जाणता फोटोवाला आंकडा लहान ठेवतो, दागिने हातानें एकेक वगळतो, आणि मगच कागदाला हात लावतो.