देवणी परिसरातील किडींच्या ओळखीचा इतिहास

मराठवाड्यातील देवणी परिसरात ज्वारी, तूर आणि हरभरा ही जुनी पिके आहेत. त्यांच्यावरील किडी शेतकरी नुकसानीवरून ओळखत. ज्वारीचा पोंगा वाळला की खोडमाशी, हरभऱ्याच्या घाट्याला भोक दिसले की घाटेअळी. सोयाबीन आल्यावर मात्र नव्या खुणा शिकाव्या लागल्या. चक्रीभुंग्याची मादी देठावर किंवा खोडावर दोन समांतर गोल खाचा कोरते व त्यांच्यामध्ये अंडी घालते. वरचा भाग सुकतो, तेव्हा त्या खाचाच किडीची खात्रीची ओळख ठरतात.

2008 च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात पाने खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीन फस्त केले. त्यानंतर 2009-10 पासून राज्यात कीड-रोग सर्वेक्षणाचा 'क्रॉपसॅप' प्रकल्प सुरू झाला.

2018 मध्ये अमेरिका खंडातली लष्करी अळी भारतातील मक्यावर प्रथम आढळली. डोक्यावर उलटा इंग्रजी 'वाय' आणि शेपटीजवळ चौकोनात चार ठिपके, ही तिची ओळख. अचूक ओळख पटली तरच योग्य उपाय वेळेवर करता येतो आणि अनावश्यक फवारणी टळते.