बाकावरची गोरी मुलगी आणि पीटर मागुबाने यांचा कॅमेरा

१९५६ सालचे जोहान्सबर्ग. बाकावर एक गोरी मुलगी बसली आहे. बाकावर लिहिले आहे, 'फक्त युरोपियनांसाठी'. तिला सांभाळणारी काळी बाई बाकाच्या मागच्या बाजूने तिच्या केसांवरून हात फिरवते आहे. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचे हे छायाचित्र जगभर गेले. ते टिपले होते पीटर मागुबाने या काळ्या छायाचित्रकाराने.

मित्रांनो, या फोटोत कुणी कुणाला मारत नाही. काळा हात गोऱ्या डोक्याला चालतो, काळा देह बाकाच्या लाकडाला चालत नाही, एवढेच त्यात दिसते. महाडच्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, माणसांना मात्र १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. अस्पृश्यता अस्वच्छतेतून आली असे सांगणारे विद्वान आजही भेटतात. त्यांच्यापुढे हा फोटो ठेवा. सेवेचा स्पर्श कधीच बाटवत नाही. बरोबरीने बसणे बाटवते.

मागुबाने यांचा जन्म १९३२ चा. 'ड्रम' या मासिकात ते गाडीचालक म्हणून लागले आणि तिथेच छायाचित्रकार झाले. काळ्या माणसाने उघडपणे कॅमेरा धरणे म्हणजे अटकेला आमंत्रण. म्हणून झीरस्टला पासच्या सक्तीविरुद्ध लढणाऱ्या स्त्रियांच्या खटल्याच्या वेळी त्यांनी पाव पोखरून त्यात कॅमेरा लपवला. पाव खाण्याचे नाटक करत फोटो काढले. पाव संपल्यावर दुधाचा रिकामा खोका कामी आला! २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी ६९ माणसे मारली, तेव्हाही ते तिथे होते.

१९६९ मध्ये त्यांना अटक झाली. ५८६ दिवस एकांतकोठडी. सुटल्यावर पाच वर्षे छायाचित्रणावर बंदी. बंदुकीला न घाबरणारे सरकार कॅमेऱ्याला इतके का घाबरते, याचा विचार आपण करायला हवा.

बंदी उठली आणि १९७६ साली सोवेटोची शाळकरी मुले रस्त्यावर आली. फोटोवरून पोलीस आपल्याला ओळखतील, म्हणून मुलांचा फोटोला विरोध होता. भीती खोटी नव्हती. मागुबाने यांनी त्यांना समजावले की ज्याची नोंद नाही तो लढा लढा राहत नाही. मुलांनी ऐकले. त्या दिवसांत पोलिसांनी त्यांचे नाक फोडले, पुन्हा तुरुंगात टाकले.

हा वाद आपलाही आहे. खैरलांजीची बातमी मोठ्या वर्तमानपत्रांत नीट यायला कित्येक आठवडे गेले. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, पण पीडितांचे चेहरे बेफिकिरीने फिरवणारेही आपल्यातच आहेत. नोंद ठेवायची की माणूस वाचवायचा, हा प्रश्न मागुबाने यांनी मुलांशी बोलून सोडवला, त्यांच्यावर कॅमेरा रोखून नाही. मला त्यांच्या पुरस्कारांपेक्षा हे मोठे वाटते. आणि बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' का काढला, तेही इथे आठवते: आपली हकिकत दुसऱ्याच्या छापखान्यावर सोडता येत नाही.

पुरस्कार पुष्कळ मिळाले. १९८६ चे रॉबर्ट कापा सुवर्णपदक त्यातलेच. त्याच्या आदल्याच वर्षी एका अंत्ययात्रेत पोलिसांच्या छर्‍यांनी त्यांचे पाय चाळणी झाले होते. १९९० ते १९९४ ते नेल्सन मंडेलांचे अधिकृत छायाचित्रकार होते. पुढे दंगली आणि प्रेतांच्या फोटोंना त्यांनी रामराम ठोकला आणि ते सूर्यास्त टिपू लागले. १ जानेवारी २०२४ रोजी, ९१ व्या वर्षी, ते गेले.