नव्या मोटारीची झीज, बिघाड आणि ग्राहकाचे हक्क

नवी मोटार ही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने घराखालोखालची मोठी खरेदी. दसरा किंवा पाडव्याचा मुहूर्त साधून गाडी दारात येते, हार घातला जातो, नारळ फुटतो आणि पाच-सात वर्षांच्या हप्त्यांना सुरुवात होते. अशी गाडी चार-सहा महिन्यांतच आवाज करू लागली, टायर एका बाजूने गुळगुळीत झाला किंवा क्लच जड लागू लागला, की सदोष गाडी गळ्यात मारली गेल्याची शंका मालकाला येते.

अशा वेळी ग्राहकांकडून दोन प्रकारच्या चुका होतात. काही जण प्रत्येक आवाजाला उत्पादनदोष समजून विक्रेत्याशी वाद घालतात. काही जण खऱ्या दोषाकडेही 'नवी आहे, हळूहळू बसेल' असे म्हणून दुर्लक्ष करतात. यांतील दुसरी चूक अधिक महागात पडते, कारण वॉरंटीची मुदत संपली की तोच बिघाड स्वतःच्या खिशातून दुरुस्त करावा लागतो. म्हणूनच झीज कोणती आणि दोष कोणता हे ओळखणे आणि दोषाची नोंद मुदतीत लेखी करून घेणे या दोन गोष्टी नव्या गाडीच्या मालकाने आधी शिकून घ्याव्यात.

ताबा घेण्यापूर्वी

निम्मे वाद गाडी ताब्यात घेतानाच टाळता येतात. विक्रेत्याने नोंदणीची कागदपत्रे आरटीओकडे पाठविण्यापूर्वी गाडी दिवसाउजेडी पाहून घ्यावी. एकदा पासिंग झाले की गाडी बदलून मिळणे अतिशय कठीण होते. चेसिस क्रमांक पावतीशी ताडून पाहावा. या क्रमांकात उत्पादनाचे वर्ष व महिना दडलेला असतो. तो कसा वाचावा, हे विक्रेत्याकडून समजून घ्यावे. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते. त्यावर २३२५ असे असेल तर तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील समजावा. गाडी बरेच महिने आवारात उभी असल्यास बॅटरी अशक्त होते आणि टायरवर सपाट डाग पडू शकतात. एखाद्या पत्र्याचा रंग शेजारच्या पत्र्याहून वेगळा दिसला, तर वाहतुकीत ठोकर बसून पुन्हा रंगकाम झाले असण्याची शक्यता असते. अशी शंका ताबापत्रावर सही करण्यापूर्वीच लिहून द्यावी.

पहिले हजार किलोमीटर

इंजिनातील पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकांशी जुळण्यास काही काळ जावा लागतो. या काळात इंजिनावर कमाल ताण देऊ नये, अवजड सामान ओढू नये आणि महामार्गावर तासन्‌तास एकाच वेगाने गाडी चालवू नये. पहिले हजार किलोमीटर ही सर्वसाधारण मर्यादा असली, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा अंतिम मानावा. नव्या टायरांची व ब्रेक पॅडची पकडही पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतरच पूर्ण येते. त्यामुळे या काळात ब्रेक किंचित मऊ लागले, तरी तो लगेच दोष ठरत नाही.

साधारणपणे पहिली सर्व्हिसिंग एक महिना किंवा हजार किलोमीटरच्या सुमारास असते. मोफत सर्व्हिसिंगमध्ये मजुरी माफ असली, तरी ऑइल, फिल्टर आदींचे पैसे द्यावे लागू शकतात. 'फारशी चाललीच नाही' म्हणून ही तपासणी टाळणे घातक आहे. सर्व्हिसिंग वेळेवर झाली नाही, या कारणावरून पुढे वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

झीज की दोष?

घर्षणाने कमी होणे हेच ज्या भागांचे काम आहे, ते वापराप्रमाणे झिजणारच. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरचे रबर आणि टायर हे असे भाग. शहरातील रहदारीत अर्ध्या दाबलेल्या क्लचवर गाडी पुढे-पुढे सरकविण्याची किंवा घाटात चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय असेल, तर नव्या गाडीचा क्लचही अल्पावधीत जळतो. ही झीज चालकाच्या पायाची असते, कारखान्याची नव्हे.

टायरची झीज मात्र बोलकी असते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी आणि मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त, असे समजावे. एकच कड झिजली असेल तर व्हील अलाइनमेंट बिघडलेली असते. पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांमुळे ती बिघडणे नेहमीचे आहे. परंतु गाडी पहिल्या दिवसापासून एका बाजूला ओढत असेल आणि अलाइनमेंट करूनही ओढणे थांबत नसेल, तर सस्पेन्शन किंवा स्टिअरिंगची तपासणी मागावी. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली, की तो टायर वापरू नये.

पावसाळ्यात आणखी काही गोष्टी घाबरवतात. रात्रभर पावसात उभ्या असलेल्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर तांबूस गंज दिसतो. चार-दोन वेळा ब्रेक दाबताच तो पुसला जातो. हेडलॅम्पच्या काचेवर आतून धुके धरून दिवा लावल्यावर ते नाहीसे होत असेल, तर तेही स्वाभाविक आहे. आत पाणी साचत असेल, तर तो दोष होय. उंदरांनी वायरी कुरतडणे किंवा साचलेल्या पाण्यात गाडी घातल्याने इंजिनात पाणी शिरणे, हे मात्र वॉरंटीत बसत नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. त्याने इंजिनाचा कनेक्टिंग रॉड वाकून मोठा खर्च उद्‌भवतो.

डिझेल गाड्यांच्या मालकांनी एक बाब विशेष ध्यानात ठेवावी. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाल्यानंतर डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडविणारा फिल्टर आला. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी ठरावीक काळ सलग वेगात चालावी लागते. केवळ घर-शाळा-मंडई अशा छोट्या फेऱ्या होत असतील, तर फिल्टर तुंबून डॅशबोर्डवर दिवा लागतो. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर गाडी चालविल्यास तो बहुधा विझतो. दिव्याकडे दुर्लक्ष केल्यास मात्र काम खर्चिक होते.

आता दोषांकडे वळू. इंजिनाखाली ऑइलचे थेंब पडणे, कूलंटची पातळी वारंवार खाली येणे, गिअर अडकणे किंवा आपोआप सुटणे, ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला खेचली जाणे, धावती गाडी अचानक बंद पडणे आणि दुरुस्तीनंतरही तोच दिवा पुन्हा लागणे ही लक्षणे नव्या गाडीत स्वाभाविक मानता येणार नाहीत. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला किंवा तापमानाचा काटा चढला, तर गाडी तेथेच थांबवावी. तशीच चालविल्यास होणारे पुढील नुकसान चालकाच्या निष्काळजीपणात गणले जाऊ शकते.

वॉरंटीच्या अटी

तीन वर्षे अथवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी, असा मजकूर आता अनेक गाड्यांच्या बाबतीत आढळतो. काही कंपन्यांच्या अटी याहून वेगळ्या असतात. वॉरंटीचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की साहित्यात किंवा जुळणीत दोष आढळल्यास तो भाग विनामूल्य दुरुस्त केला किंवा बदलला जाईल. झिजणारे भाग त्यातून वगळलेले किंवा अल्प मुदतीपुरते समाविष्ट असतात. टायर व बॅटरी यांची हमी सहसा त्यांचे उत्पादक स्वतंत्रपणे देतात. त्यामुळे ती कार्डे मूळ पावतीसोबत जपून ठेवावीत.

ग्राहक सर्वाधिक फसतात ते बाहेरून बसविलेल्या वस्तूंमुळे. स्वस्त मिळते म्हणून रस्त्यावरच्या दुकानातून म्युझिक सिस्टीम, जादा दिवे किंवा कॅमेरा बसविताना मूळ वायर कापली गेली, तर विजेच्या यंत्रणेवरील वॉरंटी नाकारण्यास कंपनीला कारण मिळते. जोडणी करायचीच असेल, तर वायर न कापता कपलरने करावी आणि शक्यतो अधिकृत विक्रेत्याकडूनच करून घ्यावी.

जॉब कार्ड हाच पुरावा

समजा, गिअरबॉक्समधून येणाऱ्या घरघरीची तक्रार ग्राहकाने तीन सर्व्हिसिंगमध्ये तोंडी सांगितली. प्रत्येक वेळी 'पाहतो साहेब, नवीन गाडीत होते असे' असे उत्तर मिळाले. वॉरंटी संपल्यावर गिअरबॉक्स उघडावा लागला, तर आधीच्या तीन तक्रारींचा पुरावा कोठेच नसतो. त्या तीन जॉब कार्डांवर केवळ 'नियमित सर्व्हिसिंग' एवढेच लिहिलेले असते.

म्हणून गाडी देताना तक्रार जॉब कार्डवर आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. आवाज कोणत्या वेगाला येतो, इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर, किती किलोमीटरपासून येतो, हा तपशील त्यात असावा. सल्लागाराला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवावी. अधूनमधून उद्‌भवणाऱ्या दोषाचे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. गाडी परत घेताना काय तपासले, काय बदलले आणि दोष आढळला नसल्यास तसे लेखी मागावे. बिल शून्य रुपयांचे असले, तरी बदललेल्या भागाचे नाव असलेली प्रत घ्यावी. गाडी स्वतः चालवून पाहिल्याखेरीज समाधानपत्रावर सही करू नये. तोच दोष दुसऱ्यांदा आला, तर उत्पादक कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल करून तक्रार क्रमांक मिळवावा.

वाद चालू आहे म्हणून कर्जाचे हप्ते थांबविण्याचा मोह टाळावा. बँकेशी झालेला करार स्वतंत्र असतो. हप्ते थकले तर ग्राहकाचीच पत घसरते.

दाद कोठे मागावी?

विक्रेता व कंपनी दोघांकडूनही निराकरण न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही मार्गदर्शन करतात. त्यापुढची पायरी ग्राहक आयोगाची.

१९८६ च्या कायद्याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. ग्राहक राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, त्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करण्याची सोय या कायद्याने झाली. ५० लाख रुपयांपर्यंत मोजलेल्या किमतीसाठी जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक रकमेसाठी राष्ट्रीय आयोग आहे. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० रुपये आणि पन्नास लाखांपर्यंत १,००० रुपये एवढेच शुल्क आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून तो ऑनलाइन दाखल करता येतो. ग्राहकाला वकिलाविना स्वतः बाजू मांडता येते. उदरनिर्वाहासाठी स्वतः चालविण्याकरिता टॅक्सी घेणाराही या कायद्यानुसार ग्राहकच ठरतो.

आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा किंवा भरपाईचा आदेश देऊ शकतो. मात्र दोष तपासणीखेरीज ठरविता येत नसेल, तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठविण्याची तरतूद कायद्यात आहे. तज्ज्ञाचा अहवाल हा अशा खटल्यांचा कणा असतो.

न्यायालयांची भूमिका

गाडी बदलून मिळणे सोपे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांवरून दिसते. मारुती उद्योगसंबंधीच्या २००६ च्या निकालात न्यायालयाने वॉरंटीतील जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्यापुरती वा बदलण्यापुरती असल्याचे मान्य करून गाडीच बदलून देण्याचा आदेश रद्द केला. त्याउलट, फियाट इंडियासंबंधीच्या २०१० च्या निकालात गाडीची स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करण्यास सांगून, मूलभूत उत्पादनदोष आढळल्यास किंमत व्याजासह परत देण्याचे न्यायालयाने स्पष्ट केले.

गोव्यातील एका ग्राहकाला २०११ मध्ये नवी म्हणून २००९ च्या बनावटीची गाडी विकली गेली. या प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने विक्रेत्याला जबाबदार धरले. उत्पादक टाटा मोटर्सविरुद्ध विशिष्ट आरोप व पुरावा नसल्याने तिला मात्र जबाबदारीतून वगळले. तक्रारीत विक्रेता व उत्पादक या दोघांनाही प्रतिवादी करून प्रत्येकाची चूक स्वतंत्रपणे मांडणे का आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात यावे.

एकाच प्रकारचा दोष अनेक गाड्यांत असेल, तर कंपनी त्या गाड्या परत बोलावून विनामूल्य दुरुस्ती करते. यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू असून, ते सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांसाठी आहेत. आपल्या गाडीचा चेसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून असे आवाहन निघाले आहे का, हे वर्षातून एक-दोनदा पाहावे.

थोडक्यात महत्त्वाचे

- ताबा घेण्यापूर्वी चेसिस क्रमांक, टायरची तारीख, रंग व काचा तपासाव्यात.
- सर्व्हिसिंगची मुदत चुकवू नये. प्रत्येक पावती जपावी.
- टायरमधील हवा थंड स्थितीत नियमितपणे तपासावी.
- मूळ वायर कापून कोणतीही वस्तू बसवू नये.
- तक्रार तोंडी सांगू नये. जॉब कार्डवर लिहून प्रत घ्यावी.
- वॉरंटी संपण्याच्या एक-दोन महिने आधी संपूर्ण तपासणी करून घ्यावी व उरलेल्या सर्व तक्रारी एकत्र लेखी द्याव्यात.