एका खांबावर दोन कामे

इंग्लंडमधील माल्व्हर्न येथे एच. एफ. एस. मॉर्गन यांनी १९०९ साली एक तीनचाकी मोटार बनवली. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांपाशी एकेक उभा खांब होता. खड्डा आला की चाक स्प्रिंग दाबत या खांबावर वर सरके, आणि वळताना त्याच्याभोवतीच फिरे. रचना हलकी, सुटसुटीत. पण सगळे घर्षणही तिथेच एकवटले, तेसुद्धा धूळ-चिखलाच्या माऱ्यात! वंगण आटले की खांबावरचे ब्राँझचे बुश झिजतात, चाक डगमगू लागते आणि स्टिअरिंगचा भरवसा राहत नाही.

दर थोड्या दिवसांनी ग्रीसगन घेऊन चाकापाशी वाकायचे कोणी? (सायकलच्या साखळीला आपण तरी किती वेळा तेल देतो?) १९५० च्या सुमारास मॉर्गनच्या 'प्लस फोर' गाडीत पायाने दाबायचे एक बटण आले. ते दाबले की इंजिनातले दाबाखालचे तेल नळ्यांतून खांबांवर जाई. साधारण दर २०० मैलांनी, इंजिन थंड असताना ते दाबायचे. तेल थंड असले की दाट असते, त्यामुळे दाब चांगला मिळतो. पाय जास्त वेळ राहिला, तर मात्र तेल ब्रेकपर्यंत पोचण्याची भीती. म्हणून आम्हाला ही सोय निम्मीच वाटते. तरीही मॉर्गनच्या पारंपरिक गाड्यांत हे खांब २०२० पर्यंत टिकले.